खोली जशीच्या तशी

"ही खोली शेवटी काढायची," सिस्टरने बजावलं. "आणि तिकडे पोचल्यावर हीच पहिली लावायची. मधे बाकीचं सामान जिन्यात पडलं तरी चालेल."

सामान हलवणाऱ्या माणसांच्या मुकादमाने डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. घर हलवताना बायकांचे नाना प्रकार त्याने पाहिले होते. कुणी कपबशांवरून रडायची, कुणी कुंड्यांवरून भांडायची. ही बाई मात्र जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि कॉटच्या पायापासून भिंतीपर्यंत सुतळी धरून तिला गाठ मारत होती. एक सुतळी झाली की दुसरी. कॉट ते खिडकी, कॉट ते टेबल, टेबल ते दार. कुठली सुतळी कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

"बाई, खोलीच उचलून नेऊ का अख्खी?"

"मघापासून दुसरं काय सांगतेय?" सिस्टर म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठली.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. पण सगळी हयात कारखान्याच्या इस्पितळातल्या वॉर्डात गेल्यावर दुसरं नाव उरतं कुठे? शेजारी, दुकानदार, सख्खा मोठा भाऊ, सगळे तिला सिस्टरच म्हणत. निवृत्त झाली तरी म्हणत राहिले. ताई म्हणणारा एकच, तिचा धाकटा भाऊ, आणि ही खोली त्याची.

धाकट्याला कारखान्याची सगळी वसाहत साहेब म्हणायची. वय पन्नाशीच्या पुढे, केस विरळ झालेले, आणि अक्कल सात-आठ वर्षांच्या पोराएवढी. हे असं सरळ लिहिलेलं बरं. आयुष्यभर लोकांनी ते आडवळणानेच सांगितलं आणि त्याने कुणाचंच भलं झालं नाही. आई जाताना काही बोलली नव्हती. तिने आधी साहेबाकडे बघितलं आणि मग सिस्टरकडे बघितलं, बस. तेवढ्यावर सिस्टरचं लग्न राहून गेलं. तिने त्याचा कधी बाऊ केला नाही. एक-दोनदा रडली असेल, तेही ड्यूटीवर, औषधांच्या खोलीत कडी लावून.

आता कारखान्याने वसाहत पाडायला काढली होती. निम्मी घरं रिकामी झाली होती. दादाने, म्हणजे मोठ्या भावाने, आपला एक बंद असलेला फ्लॅट देऊ केला. दादा वाईट नव्हता. वाईट असता तर सिस्टरला सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाली असती.

"हे बघ सिस्टर," तो म्हणाला होता, "तिथे सगळी नोकरदार माणसं राहतात. वसाहतीतल्यासारखं कुणी सांभाळून घेणार नाही. यानं तिथे गोंधळ घातला, तर मी एका संस्थेत बोलून ठेवलंय. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. तू तरी किती पुरणार?"

"नाही घालणार गोंधळ."

"नव्या जागेत घालतो गं तो. माझ्या लग्नात हॉलवर काय केलं होतं, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. परक्या हॉलमधल्या परक्या गादीवर साहेब रात्रभर ओरडत होता. नवरी मुलगी घाबरली होती, तिची आई तर फारच घाबरली होती. वहिनी आजही साहेबाच्या जवळून जाताना जरा लांबून जाते.

म्हणून साहेबाला कळणारही नाही असं घर हलवायचं, हे सिस्टरने मनाशी पक्कं केलं. या कामात आपला हात कुणी धरणार नाही असं तिला वाटे. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात पेशंट हलवायचा तर बाकीच्या नर्सेस पेशंट उचलत. सिस्टर त्याची कॉट, त्याचं टेबल, त्याचा पाण्याचा ग्लास सगळं जसंच्या तसं नेऊन लावायची. शुद्धीवर येताना हात बाजूला जातो, तिथे आपला ग्लास लागला की माणूस घाबरत नाही, हे तिचं म्हणणं होतं. नव्या पोरींना ती हेच शिकवायची. बेडच्या आसपास हातभर जागा म्हणजे पेशंटचं घर, ती नीट ठेवा, बाकी इमारत कुठलीही असू दे. डॉक्टर हसत, पण तिच्या वॉर्डात रात्री आरडाओरडा कमी असे, हेही खरं.

बेत असा होता की साहेबाने दिवसभर शिंपीणबाईंकडे जायचं. त्या पलीकडच्याच घरात राहत होत्या, आता लेकीकडे राहायला गेल्या होत्या. संध्याकाळी सिस्टरने त्याला तिथून घेऊन परस्पर नव्या घरी न्यायचं, तोवर खोली लागलेली असायची. साहेब बूट घालून, केस विंचरून तयारही बसला होता. तेवढ्यात वसाहतीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला आणि साहेब उठून पळाला.

वसाहतीला लोखंडी फाटक होतं. त्याचा रखवालदार कारखान्याने कधीचाच काढून टाकला होता. ते काम साहेबाने कुणी न सांगता अंगावर घेतलं. कारखाना सुटला की माणसं सायकलींवरून, चालत, डबे हलवत यायची, आणि साहेब फाटक उघडून उभा. "या. झाली सुट्टी?" तो प्रत्येकाला विचारायचा. "झाली साहेब," म्हणत माणसं आत शिरायची. कुणी पाठीवर थाप मारायचं, कुणी जाता जाता "आज बोनस द्या साहेब" म्हणायचं. सगळे आत आले की फाटक लावून तो घरी यायचा आणि जेवायला बसायचा. सिस्टरला यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. तेवढाच त्याचा वेळ जातो, म्हणायची.

त्या दिवशीही त्याने दोन्ही दारं सताड उघडली, वाऱ्याने मिटू नयेत म्हणून विटा लावल्या आणि ट्रक आत घेतला. ड्रायव्हरने सलाम ठोकला. मग साहेब तिथून हलेना.

"चल, शिंपीणबाई वाट बघतायत," सिस्टर म्हणाली.

"गाडी आत आहे ना ताई. मग फाटक कोण बघणार?"

तिने गोडीत सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. शेवटी तिने नाद सोडला. साहेब दिवसभर फाटकाशी उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत कपाट गेलं, भांड्यांची खोकी गेली, शेवटी त्याची कॉट गेली, गादीची गुंडाळी गेली. त्याने काही विचारलं नाही. ट्रक बाहेर पडला तेव्हा त्याने हात करून मागच्या चाकाला वाट दाखवली, विटा काढल्या, फाटक लावलं, कडी घातली आणि आतल्या बाजूला उभा राहिला.

"आता आपण जायचं," सिस्टर म्हणाली. टॅक्सी बाहेर थांबली होती.

"आपण गेलो तर लावणार कोण?"

"राहू दे आज उघडं."

साहेबाने तिच्याकडे असं बघितलं, की तिलाच आपण काही भलतंसलतं बोललो असं वाटलं. तो बाहेर आला, गजांतून हात आत घातला, खांद्यापर्यंत घातला, आणि चाचपडत कडी लावली. दंडाला ओरखडा उठला. टॅक्सीत सिस्टर त्यावर रुमाल दाबून बसली होती.

नवी जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. साहेबाला बाकड्यावर बसवून सिस्टरने मुकादमासोबत खोली लावली, सुतळ्या धरून, गाठीला गाठ. खिडकी नेमकी त्याच बाजूला होती, हे तिने घर बघायला आली तेव्हाच हेरलं होतं. टेबलावर रेडिओ, खाली स्क्रू-खिळ्यांचा डबा, उशाशी ग्लास. मुकादम लांब उभा राहून म्हणाला, "बाई, मलाच वाटायला लागलं, आपण निघालोच नाही तिकडून."

साहेब आत आला. कॉटवर बसला. हात बाजूला नेला, ग्लास उचलला, पाणी प्यायला, ग्लास जागेवर ठेवला आणि आडवा झाला. सिस्टर दाराशीच उभी राहिली. थोड्या वेळाने त्याचं घोरणं ऐकू आलं, तेव्हा तिने दादाला फोन लावला.

"झोपला," ती म्हणाली. एवढा विजय तिने आयुष्यात दुसऱ्या कशात मिळवला नव्हता, आणि तो तिच्या आवाजात ऐकू येत होता.

"कमाल आहे तुझी," दादा म्हणाला. "बघू पुढं."

पुढं दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झालं. संध्याकाळी साहेबाने बूट घातले, टोपी घातली आणि दाराशी उभा राहिला.

"कुठे?"

"वेळ झाली."

सिस्टर त्याला खाली घेऊन गेली. एकदा बघितलं की समजेल, असा तिचा हिशोब. इमारत जुनी असली तरी फाटक नवं बसवलेलं होतं. वॉचमन खुर्चीत बसून बटण दाबायचा आणि फाटक आपसूक बाजूला सरकायचं. मोटारी आत यायच्या, काचा वर, आत कोण आहे ते दिसायचंसुद्धा नाही. साहेब बराच वेळ बघत राहिला. एका मोटारीला त्याने "या" म्हटलं, पण ती पुढे निघून गेली होती.

"ताई, हे फाटक बिघडलंय," तो म्हणाला. "कुणी हात न लावता उघडतंय."

"बिघडलं नाही साहेब," वॉचमन हसून म्हणाला, "असंच असतं हे. पण तुम्ही मधे उभे राहू नका, मला ओरडा बसेल."

त्या संध्याकाळी साहेब जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धवट जेवला, मग तेही नाही. गोंधळ मात्र त्याने अजिबात घातला नाही. ओरडला असता तर सिस्टरला काही सुचलं तरी असतं. तो कॉटच्या कडेवर बसायचा, बूट घालून, आणि जमिनीकडे बघत राहायचा. गाल आत गेले. रेडिओ लावला तर बंद करायचा.

सिस्टरने सुतळ्या पुन्हा बाहेर काढल्या. कुठेतरी चूक झाली असणार. तिने कॉट ते खिडकी मोजलं, टेबल ते दार मोजलं. कॉट बोटभर पुढे आली होती. ती तिने मागे ढकलली, एकटीने, साहेब वर बसलेला असताना. मग घामाघूम होऊन त्याच्याकडे बघत राहिली. तो तसाच बसून होता.

तिने शिंपीणबाईंना फोन केला. मन मोकळं करायला दुसरं कुणी नव्हतं.

"खोली जशीच्या तशी लावलीय हो," ती म्हणाली, "एवढासुद्धा फरक नाही. तरी असं का करतोय कळत नाही."

"अगं सिस्टर," शिंपीणबाई म्हणाल्या, "खोलीत तो असायचा कधी? झोपायला यायचा तेवढा. मी मशीनवर बसल्या बसल्या रोज बघायचे ना. सकाळपासून टोपी झटकत असायचा, कधी एकदा कारखाना सुटतोय म्हणून. तुला नसेल माहीत, तू ड्यूटीवर."

सिस्टरने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. ती निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले होते, ड्यूटीचं निमित्त तिला पुरेना. तिने आयुष्यभर आडवी माणसं सांभाळली होती. आडव्या माणसाला हातभर जागा पुरते. आपला भाऊ उभा असतो, रोज संध्याकाळी आपल्या दोन पायांवर उभा असतो आणि माणसं त्याच्या फाटकातून घरी येतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याहून भीती वाटली, कारण आता ते फाटक कुठून आणायचं?

त्याचं उत्तर साहेबानेच शोधलं, आणि तिथेच घोटाळा झाला. इमारतीची लिफ्ट जुनी होती, जाळीचं दार हाताने ओढायचं. एका संध्याकाळी सिस्टर पाण्याचं भांडं भरून बाहेर येते तर दार उघडं आणि साहेब गायब. तो दोन मजले खाली लिफ्टपाशी सापडला, टोपी घालून. जाळी ओढून धरली होती आणि लिफ्टमधून निघणाऱ्या एका बाईला विचारत होता, "या. झाली सुट्टी?" ती बाई पर्स छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. खाली माणसं जिन्यातून ओरडत होती, कारण जाळी उघडी राहिली की लिफ्ट जागची हलत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी आले. सभ्य गृहस्थ होते. चहासुद्धा घेतला.

"सिस्टर, आम्हालाही समजतं हो. पण बायका-मुली आहेत, दमून येतात. आता परत तक्रार आली तर मला तुमच्या भावाला कळवावं लागेल. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे ना."

दादाला कळवणं म्हणजे काय, ते सिस्टरला माहीत होतं. तिने आयुष्यात डॉक्टरांशी, मेट्रनशी, पेशंटच्या नातेवाइकांशी पुष्कळ वाद घातले होते, पण स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता मागितलं.

"आमच्या मजल्यावर उभा राहिला तर?" ती म्हणाली. "समोरचा फ्लॅट बंदच असतो. तिथे कुणाला त्रास नाही. लिफ्ट आल्याशिवाय जाळीला हात लावणार नाही, ते मी शिकवते."

सेक्रेटरींनी विचार केला. "पण मग तुमच्या मजल्यावर येणार कोण?"

"ते बघते मी."

शिकवायला काहीच वेळ लागला नाही. वेळ व्हायच्या आत फाटक उघडायचं नाही, हे साहेबाला फार वर्षांपासून माहीत होतं. त्या संध्याकाळी तो लिफ्टपाशी उभा राहिला. टोपी सरळ, एक हात जाळीजवळ. खाली लिफ्टची घरघर सुरू झाली. वर चढली, थांबली, कुणाचं तरी दार आपटलं, पुन्हा खाली गेली. असं कितीतरी वेळा झालं. प्रत्येक घरघरीबरोबर साहेब ताठ व्हायचा आणि आवाज थांबला की पुन्हा सैल पडायचा. त्याच्या मजल्यावर ती एकदाही आली नाही.

सिस्टर दारातून बघत होती. तिला ते बघवेना. ती आत गेली, इस्पितळात नेत असे ती पर्स शोधली, पायांत चपला सरकवल्या आणि साहेबाच्या मागून हळूच जिन्याकडे गेली. गुडघे केव्हाचेच कामातून गेले होते, म्हणून ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरली. तळमजल्यावर पोचून दम घेतला. वॉचमनने खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाली. लिफ्टमध्ये शिरली आणि सगळ्यात वरचं बटण दाबलं.

वर जाळीपलीकडे आधी बूट दिसले, मग पँट, मग साहेब. लिफ्ट पूर्ण थांबेपर्यंत तो थांबला. मग एका हाताने जाळी ओढून बाजूला उभा राहिला.

"या," तो म्हणाला. त्याने तिला ताई म्हटलं नाही. "झाली सुट्टी?"

"झाली."

"दमलात?"

हे तो फाटकावर विचारायचा की नाही, सिस्टरला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच फाटकातून आत यायची, पण घाईत असायची, मनात वॉर्डच चालू असायचा. तो काय विचारायचा आणि ती काय सांगायची, यातलं तिला काही म्हणजे काही आठवेना.

"दमले रे," ती म्हणाली. "फार दमले."

"जा मग घरी. जेवा, झोपा." त्याने जाळी लावली, ओढून पाहिली. त्याचा चेहरा ओळखीचा झाला होता. सिस्टरला रडू आलं आणि तिने ते आत येईपर्यंत आवरलं. तो आज जेवेल, हे तिला नक्की कळलं. सगळे आले की तो जेवायला येतो.

तिने चपला काढल्या आणि गॅसवर भांडं ठेवलं. बाहेर काही हालचाल नव्हती. तिने डोकावून पाहिलं. साहेब जाळीला कपाळ टेकवून खाली अंधारात बघत होता. त्याचा हात अजून कडीवरच होता. कारखाना सुटला होता आणि आतापर्यंत एकच माणूस आलं होतं.

सिस्टरने गॅस बंद केला. पर्स ठेवून बाजाराची पिशवी घेतली, चष्मा काढून पिशवीत टाकला. मग कठड्याला धरून ती पुन्हा जिना उतरायला लागली.